जाव्याचं बी

‘हे भात उपाशानं उपाशाला धाडलंय. सांडू नको, पोरी.’

पन्नासेक वर्षं झाली, पण पेरणीआधीचा राब भाजून झाला आणि बियाण्याची मुडी माळ्यावरून खाली उतरली, की नवसीला सासऱ्याचा हा आवाज अजून ऐकू येतो. विडीनं जळलेला, खरखरीत, पण बियाण्याशी बोलताना मऊ होणारा. तेव्हा ती हिरव्या चुड्यातली नवी नवरी होती. मुडीचा पेंढ्याचा बंद सोडताना तिच्या हातून चार दाणे अंगणात उडाले, आणि रघुबाबा, एवढा आडवातिडवा गडी, गुडघ्यांवर बसून ते चारी दाणे शोधत राहिला.

मग मांडीवर सूप घेऊन त्यानं गोष्ट सांगितली. उल्हासनगर तेव्हा उल्हासनगर झालं नव्हतं. सिंधी लोक यायचे होते. लष्कराचा कॅम्प तेवढा होता, बराकी, तारेची कुंपणं आणि धान्याची गोदामं. अठरा वर्षांचा रघु तिथं पोती वाहायचा. मुलखात दाणा नव्हता, रेशनच्या रांगेत माणसं चक्कर येऊन पडत होती. आणि एक दिवस पोती आली ती तांदळाची नाही, भाताची. सालासकट, लांब काळ्या कुसळांची. मुकादम म्हणाला, हे जाव्याहून आलंय. आमचं राज्य आम्हीच करणार म्हणून त्या लोकांनी सांगून टाकलंय, पण वलंदेज, म्हणजे डच, परत येऊन उरावर बसलाय, समुद्र अडवून धरलाय त्यानं. त्यातून वाट काढून त्यांनी हे धाडलं. त्यांच्याकडं अंगावर धड कापड नाही, आपल्याकडं पोटाला दाणा नाही. तिकडून भात येणार, हिकडून कापड जाणार.

‘आपल्या मानेवर इंग्रज, त्यांच्या मानेवर वलंदेज,’ रघुबाबा सांगायचा, ‘अन् दोघं मान न वळवता एकमेकांना हात देत व्हते.’

फाटक्या पोत्यातून सांडलेलं ओंजळभर भात त्यानं धोतराच्या सोग्यात बांधलं आणि कॅम्पापासून बदलापूर, तिथून बारवी नदीच्या अंगाला उंबरपाड्यापर्यंत चालत आणलं. वाटेत पोटात आग पडली, पण त्यातला एक दाणा त्यानं दाताखाली घेतला नाही. तेच भात पुढं पाड्यात ‘जावा’ झालं. पुरुषभर उंच, मिशाळ, वाऱ्यात लोळणारं. नवसीनं पेरणीची ओवी त्याच्यासाठीच बांधली होती:

पहिली माझी मूठ ग, धरित्रीच्या ओटी
दुसरी पाखराला, तिसरी ग माझ्या पोटी

हल्ली ती ओवी ती म्हणत नसे. सुनेनं, सुषमानं, एकदोनदा विचारलं होतं. घसा धरतो म्हणाली.

भाद्रपदात स्कूटरवरून एक बाई आली. खांद्याला पिशवी, डोळ्याला चष्मा, चपला बांधावर काढून थेट खाचरात उतरली. पाड्यावर तासाभरात बातमी झाली की बिल्डरची माणसं मोजणीला आली. बदलापूरच्या बाजूनं इमारती चालत चालत डोंगराच्या पायाशी आल्याच होत्या. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, ह्या बाया अशाच असतात, आधी इतिहास विचारतात आणि मग सातबारा.

नवसीच्या मुलानं, गोमानं, तिला पडवीत बसवलं, पण पाणी देण्याआधी ओळखपत्र मागितलं. तिनंही न रागावता काढून दिलं. हिमानी तिचं नाव. अंबरनाथला कॉलेजात इतिहास शिकवायची. रघुबाबाची गोष्ट तिला ह्याच पाड्यावरच्या एका विद्यार्थिनीकडून कळली होती. जाव्याच्या देशाशी आपल्या नात्याला पंचाहत्तर वर्षं झाली, त्यांच्याकडचे एक पाहुणे कार्तिकात येणार आहेत, हे भात त्यांना बघायचंय, असं तिनं सांगितलं. ज्या घरानं बी राखलं त्या घराचं नाव कागदावर येईल, त्यांच्याकडंही आणि आपल्याकडंही.

‘जमीन नको ना तुम्हांला?’ गोमानं विचारलं.

‘नको हो. मूठभर बी द्या, तेही मनात असेल तर.’

गोमा रात्रपाळ्या करून थकलेला माणूस. त्याच्या बापाचं, आज्याचं नाव कुठल्या कागदावर आलंय म्हणता एक शाळेचा दाखला सोडून काही नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरचा आठ्यांचा गठ्ठा हळूहळू सुटला. सुषमा उल्हासनगरच्या कॅम्पातून कामाला आणलेल्या जीन्सचे धागे कापत होती, तिनं कात्री बाजूला ठेवून चहा टाकला.

नवसी दाराआडून बघत होती. बाईनं एक लोंबी हातात घेतली होती, कुसळावरून बोट फिरवत होती. इतका वेळ काय बघायचं असतं भातात, नवसीला कळेना. डॉक्टर लोकांना नाडीवरून कळतं, ह्या शिकलेल्यांना दाण्यावरून कळत असेल का? कुठल्या घरातून कुठल्या घरात गेला ते?

‘आजी, मध्ये कधी बी तुटलं नाही ना? म्हणजे बाहेरून आणावं लागलं, असं?’

‘नाय,’ नवसी म्हणाली, आणि आत निघून गेली.

दुसऱ्या खेपेला हिमानी वरच्या वाडीतही जाऊन आली. तिथून उतरली ती आनंदानं. म्हणाली, गोमादादा, तुमचं जावा वरच्या उतारावर पण आहे की, जनीबाईंच्या वरकस तुकड्यात. हुबेहूब.

गोमा उठून उभा राहिला. जनीचं खटलं त्यांच्या लावणीला, कापणीला पिढ्यान्‌पिढ्या येत होतं. उतारावर नाचणी-वरी लावणारी माणसं ती, त्यांच्याकडं हे भात आलं कुठून? आमच्या खळ्यावरून ओच्यातून नेलं असणार, दुसरं काय. त्या दिवसापासून गोमानं जनीला चोर म्हणायला सुरुवात केली. आधी घरात, मग टपरीवर, मग नळावर, माणसं ऐकतील अशा आवाजात.

नवसीच्या हातातलं सूप त्या पहिल्या वेळीच थांबलं होतं. सुषमानं ते पाहिलं, आणि नवसीनं सुषमाला पाहताना पाहिलं.

खरं काय ते दोनच बायकांना ठाऊक होतं. सव्वीस वर्षांपूर्वी, रघुबाबा गेल्यावर, गोमाचा बाप शेवटच्या दुखण्यात होता. गोमा तेव्हा उल्हासनगरला कारखान्यात, महिन्यातून एकदा यायचा. दुखणाईत माणसानं उकड्या तांदळाची पेज मागितली. नवसीचं माहेर खाली महाडकडचं, भात उकडून, वाळवून, कांडून पेज करायची तिच्या हाताला सवय. उकडलेलं भात पुन्हा रुजत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला बोलता येण्याआधी कळतं. माळ्यावरून मुडी काढली आणि हंड्यात ओतली, ती बियाण्याची होती. पुढं मृग तोंडावर आला तेव्हा घरात जाव्याचा एक दाणा नव्हता.

भर दुपारी, सगळा पाडा आडवा झालेला असताना, ती डोंगर चढून जनीकडं गेली होती. धुरात, अंधारात हात चुकला, भलतीच मुडी हाताला लागली, असं तिनं जनीला सांगितलं. जनीनं ऐकून घेतलं. रघुबाबा लावणीच्या मजुरीत तिला सूपभर जावा घालायचा, त्यातलं मूठभर न कांडता तिनं आपल्या उतारावर पेरलं होतं, हट्टानं, वर्षामागून वर्ष. पाणथळीचं भात उताराला कसं धरणार म्हणून तिला नवरा हसायचा. तिनं घरातली एकुलती मुडी उचलली आणि नवसीच्या ओटीत ठेवली. स्वतःला दोन ओंजळी ठेवल्या. मोबदला म्हणून नवसीनं हातातल्या बांगड्या पुढं केल्या, तर तिनं त्या परत मनगटात सरकवल्या.

‘कुणाला सांगू नको, जने,’ नवसी म्हणाली होती.

‘मी कशाला सांगू, वयनी? मला कोण इचारतंय?’

आता विचारणारी आली होती.

कापणी सुरू झाली. ऊन पांढरं, वारा कोरडा, कुसळं मानेवर, काखेत, पापण्यांत. एका खाचराला चार विळे लागतात तिथं नवसी, सुषमा आणि एक बोलावलेली बाई अशा तिघीच होत्या. इतकी वर्षं नवसीच्या डाव्या हाताला जनी असायची. जनीचा विळा लहान, पण मूठ मोठी. एका मुठीत ती सहा चूड धरायची आणि पेंढी बांधताना गाठ अशी मारायची की झोडल्यावरच सुटेल. यंदा गाठी सुटत होत्या. बांधावर भारे उचलताना अर्धं भात गळत होतं.

‘जनीमावशी असती तर दोन दिसांत उरकलं असतं,’ सुषमा कमरेवर हात ठेवून म्हणाली.

‘उनातलं बोलणं पुरे,’ नवसी म्हणाली.

सुषमानं विळ्याला धार लावायला घेतली. खाली बघतच म्हणाली, आई, मावशीनं चोरलं असतं तर रस्त्याकडंच्या उतारावर, समद्यांना दिसंल असं पेरलं असतं का? नवसी पेंढी बांधत राहिली. सुनेला किती कळलंय आणि किती ती चाचपतेय, याचा तिला अंदाज येईना. त्या दिवसापासून ती सुनेसमोर माळ्यावर चढेनाशी झाली.

नळावर जनी भेटली. रांगेत पाचसहा कळश्या होत्या.  जनी पुढं सरकली तसं कुणीतरी तिची कळशी पायानं मागं ढकलली, नुसती बोटभर. जनीनं ती उचलली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. तिच्या पिंढऱ्या चढ-उतारानं दगडासारख्या झाल्या होत्या. टाचांना भेगा, भेगांत माती. नवसीची कळशी भरून वाहत होती तरी तिला ती उचलायचं सुचलं नाही.

चढावर दोघी एकट्या पडल्या तेव्हा नवसीच थांबली. काय विचारायचं ते तिला ठाऊक होतं आणि तेच विचारायची लाज वाटत होती. ती बाई तुझ्याकडं आली व्हती म्हणं, एवढं म्हणाली.

‘आली. कुठून आलं इचारलं. मजुरीत मिळालं म्हणून सांगितलं.’

‘अजून काय?’

जनीनं डोईवरचं चुंबळ सारखं केलं. तिच्या तोंडावर राग शोधला तर सापडत नव्हता, आणि त्यामुळंच नवसीला जास्त भीती वाटली. रागावलेल्या माणसाचं एक माप कळतं.

‘भिऊ नको, वयनी,’ जनी म्हणाली आणि चढू लागली.

भिऊ नको. मजुरीवर येणारी बाई घरधनिणीला म्हणत होती. नवसी त्या दोन शब्दांनी दिवसभर पोळत राहिली.

दिवाळी आटोपली तशी खळं सारवून झालं, झोडणी लागली. दुपारच्याला जनीचा मुलगा साईनाथ आला. अंबरनाथला एका कंपनीच्या गेटवर तो वॉचमन होता, निळा शर्ट, छातीवर नाव. खळ्याच्या कडेला चपला काढून उभा राहिला. गोमा पेंढी आपटत होता, थांबला नाही. दाणे उडून साईनाथच्या पायांवर पडत होते.

‘गोमादादा, तू चौकीत अर्ज देणार म्हणतात.’

‘देणार. पाहुणे येऊन गेले की देणार. कागदावर चोराचं नाव नको आमच्या नावाशेजारी.’

साईनाथनं हळू आवाजात सांगितलं की त्याच्या कामाचं वर्षाच्या वर्षाला पोलीस व्हेरिफिकेशन होतं. घरावर चोरीचा अर्ज असला, तर गेटवरून त्याच दिवशी काढतात, विचारत पण नाहीत. आता घरात दोन पोरं होती, आईचे गुडघे गेले होते.

‘मग आयशीला सांग कबूल कर म्हणून.’

‘मी इचारलं तिला. ती म्हणते, मजुरीचं हाय. त्याच्यापुढं तोंड उघडत नाय.’ मग तो नवसीकडं वळला. ‘काकी, तू तर तेव्हा व्हतीस. तू सांग ना. बाबा द्यायचा की नाय मजुरीत?’

नवसी उफणत होती. वारा पडला होता आणि ती तरीही सूप हलवत होती, भुसा आणि दाणा एकत्रच तिच्या पायांशी पडत होता. ‘रघुबाबा बऱ्याच जणांना द्यायचा,’ ती म्हणाली. तेवढंच तिच्या तोंडून निघालं. ते खरंही होतं आणि उपयोगाचंही नव्हतं.  साईनाथनं वाकून पायांवरचे दाणे झटकले, एक एक वेचून खळ्यात परत टाकले, उगाच चोरीचा दाणा नेला म्हणायला नको म्हणून, आणि गेला.

पाहुणे आले त्या दिवशी गोमानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. वरच्या खिशात घडी घातलेला अर्ज होता. शर्ट पातळ, अक्षरं निळी दिसत होती. खळ्यावर सतरंजी, दोन खुर्च्या, बाकी लोक पेंढ्यांवर. हिमानीनं निरोप दिला होता म्हणून जनी आणि साईनाथही आले होते. ते खुर्च्यांपासून लांब, गोठ्याच्या कुडाला टेकून उभे राहिले. त्यांना कुणी बसा म्हणालं नाही.

पाहुणा साठीचा होता, ठेंगणा, सावळा, आपल्यातलाच वाटावा असा. खळ्यावर येताच त्यानं बूट-मोजे काढले. लोंबी घेतली, कुसळ ओठावरून फिरवलं, आणि त्याच्या तोंडून त्याच्या भाषेतला एक शब्द निघाला. मग तो इंग्रजीत बोलत गेला आणि हिमानी मराठीत सांगत गेली.

त्याची आजी जाव्यात एका लहान गावात राहायची. देश स्वतंत्र झाला असं त्यांच्या पुढाऱ्यांनी जाहीर केलं होतं, पण जगात फार कुणी मान्य केलं नव्हतं. डचांची जहाजं समुद्रात फिरत होती. अशात नव्या सरकारची माणसं गावात आली. म्हणाली, हिंदुस्तानात लोक उपाशी मरतायत, भात द्या. गावच अर्धपोटी होतं. लोकांनी दिलं, पण मनात पाल चुकचुकलीच. हे भात खरंच समुद्र ओलांडणार, की मधलेच खाणार? आजीनं बियाण्याचं भात दिलं होतं. त्यावरून नवरा मरेपर्यंत तिला टोचत राहिला, शेजारणी हसत राहिल्या. भात पोचलं की नाही, हे कळायच्या आत आजी गेली.

खळ्यावर एक कोंबडी भुश्यात पाय मारत होती.

पाहुण्यानं पिशवीतून एक कापड काढलं. तपकिरी, निळसर, त्यावर मेणानं काढलेली वेलबुट्टी. त्या वेळी भाताच्या बदल्यात हिंदुस्तानातून कापड आलं होतं, हिमानी म्हणाली, म्हणून त्यांनी कापडच आणलंय. ज्या बाईनं बी राखलं तिच्या खांद्यावर घालायचंय. गोमानं आईला पुढं केलं. कुणीतरी मोबाइल वर धरला. पाहुणा नवसीसमोर दोन्ही हातांत कापड घेऊन उभा राहिला, पण घालण्याआधी थांबला आणि काहीतरी विचारलं.

‘आजी, ते विचारतायत,’ हिमानी म्हणाली, ‘पोचलं होतं ना भात? कुणाच्या पोटात गेलं?’

नवसीनं त्याच्या हातांकडं पाहिलं. नखांच्या कडांना त्याच्याही माती होती. ‘पोचलं’ एवढंच म्हटलं असतं, तर पाड्यानं टाळ्या वाजवल्या असत्या आणि गोमा खिशातला कागद घेऊन चौकीकडं गेला असता. तिनं कापड धरलेले त्याचे हात खाली केले.

‘पोचलं, बाबा,’ ती म्हणाली. ‘पण हे माझ्या खांद्यावर नको.’

‘आये,’ गोमा पुढं झाला.

‘थांब, गोमा. आज मला बोलू दे.’  ‘माझ्या सासऱ्यानं बी आणलं, ते माझ्या घरात सव्वीस वरसांमागं संपलं. आता आपल्या खाचरात उभं असतं ते जनीचं हाय. तिच्या घरची एकच मुडी व्हती, ती तिनं माझ्या ओटीत घातली. चोरलं आसंल तर मी चोरलं, तिचं नाव. तू तिला नळावर चोर म्हणत व्हतास, अन् मी घरात बसून आयकत व्हते.’

हिमानी भाषांतर करायची विसरली होती. गोमाचा हात वरच्या खिशावर गेला आणि तिथंच राहिला. कुडाशी साईनाथ आईकडं बघत होता. जनीनं मान हलवली, पुरे, म्हणाल्यासारखी. ‘जाऊ दे, वयनी,’ ती लांबूनच म्हणाली. ‘अंधारात हात चुकला तुझा. कुणाचाबी चुकंल.’

नवसी तिच्याकडं वळली. लोकांमधून वाट काढत, भुश्यात पाय रुतवत ती कुडापर्यंत गेली.

‘नाय, जने. तुलाबी मी खोटं सांगितलं,’ ती म्हणाली. ‘चांगला उजेड व्हता. कणगी रिकामी व्हती अन् मला कुणाच्या दारात सूप घेऊन उभं राहायचं नव्हतं. माझा माणूस पेज मागत व्हता. ती बियाण्याची मुडी हाय, हे मला ठाव व्हतं. ठाव असून मी उकडली. दोन वाट्या प्यायला तो, अन् सकाळी गेला.’